दवंडी आधी, पाहणी मग



आज आपण एका साध्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. सरकारी माणूस आपल्या शेतात येतो. पीक बघतो, बांध बघतो, नुकसान बघतो. कागदावर काहीतरी लिहितो आणि निघून जातो. तो येणार हे आपल्याला आधी कळते का? कळायला हवे का? आणि कळले, तर आपण काय करायचे? प्रश्न तीनच आहेत. पण या तीन प्रश्नांत कितीतरी घरांची भाकरी अडकलेली आहे.

आम्ही साक्षरतेच्या वर्गांसाठी गावोगाव जातो. वर्ग सुटला तरी मंडळी लगेच उठत नाहीत. कोणी खिशातून, कोणी पिशवीतून कागद काढतो आणि म्हणतो, ‘गुरुजी, एवढा वाचून दाखवा.’ पुष्कळदा तो कागद जमिनीचा असतो. कागद वाचून झाला की ठरलेले वाक्य कानी येते. ‘अहो, साहेब कधी आले नि कधी गेले, आम्हांला पत्ताच नाही!’ त्या वाक्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

सरकार शेतात कशाला येते?

जमीन आपली, घाम आपला. मग सरकारने शेतात पाऊल का टाकावे, असे कोणी विचारील. पण सरकार येते ते आपल्याही कामाचे असते. मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण पीक पाहणी. कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे, किती क्षेत्रात आहे, विहिरीचे पाणी आहे की कोरडवाहू आहे, याची नोंद दर हंगामात होते. आपण ज्याला सातबारा म्हणतो, त्यातला सात म्हणजे जमीन कोणाची ते सांगणारा गाव नमुना सात. बारा म्हणजे तिच्यात काय पिकते ते सांगणारा गाव नमुना बारा. पीक पाहणी या बारा नंबरात लिहिली जाते. पीक कर्ज, विमा, सरकारी खरेदी, नुकसानीची मदत, सगळीकडे हा रकाना बघतात. शेतात कापूस उभा आणि कागदावर पड, असे झाले, तर कापूस गारपिटीत गेला तरी कागद म्हणतो, काही गेलेच नाही.

दुसरे कारण मोजणी. भावाभावांत वाटणी झाली, शेजाऱ्याशी बांधाचा वाद निघाला, की भूमि अभिलेख खात्याचा माणूस येऊन जमीन मोजतो. पूर्वी शंकू-साखळी आणि टेबल घेऊन येत. आता उपग्रहाच्या मदतीने चालणारे यंत्र घेऊन येतात.

तिसरे कारण नुकसानीचा पंचनामा. पूर, गारा, अतिवृष्टी झाली की गावपातळीचे महसूल, शेती आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी मिळून शेत बघतात आणि किती पीक गेले ते लिहितात. सरकारी निकषात तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले तर मदत मिळते. २०१५ सालापूर्वी ही अट पन्नास टक्क्यांची होती. म्हणजे पंचनाम्यात तीस लिहिले की पस्तीस लिहिले, यावर सगळे ठरते. पाच टक्क्यांचा फरक, पण एकाच्या घरी पैसे येतात आणि दुसऱ्याच्या घरी येत नाहीत.

चौथे कारण आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर पीक. आठ आणे म्हणजे निम्मे. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली, आणे गेले, आणि आणेवारीची पैसेवारी झाली. म्हातारी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. म्हणून कोणाचे शेत बघितले, केव्हा बघितले, याला महत्त्व आहे.

पूर्वी लोक या वर्दीला भीत

एक गंमत ऐका. आज आपण म्हणतो, साहेब येण्याआधी कळवा. पण आपल्या पणजोबांच्या काळी साहेब येणार ही वर्दी आली की गावाच्या पोटात गोळा उठायचा. इंग्रजी अमलात साहेबाचा मुक्काम पडला की घोड्यांना गवत, साहेबाला दूध, कोंबडी, अंडी, चुलीला लाकूड हे गावाने पुरवायचे. सामान वाहायला वेठीला माणसे धरत. दाम मिळाला तर मिळाला. आगाऊ वर्दी यायची ती साहेबाच्या सोयीसाठी. शेतकऱ्याने हजर राहून आपली बाजू सांगावी, यासाठी नव्हे.

ती वेठ गेली. ते बरे झाले. पण तिची सवय काही ठिकाणी अजून मनात राहिली आहे. साहेब येणार म्हटले की काही जण आधी चहा-फराळाची व्यवस्था बघतात, आणि कागद मात्र पेटीतच राहतात. मंडळी, आपल्याला आगाऊ कळवतात ते पाहुणचारासाठी नाही. तयारी करायची ती कागदांची आणि तोंडाने सांगायच्या गोष्टींची.

खेडा आणि बारडोली

पाहणी नीट झाली नाही तर काय होते, हे आपल्या जुन्या मुंबई इलाख्याने दोनदा पाहिले आहे. तेव्हा गुजरात आणि पश्चिम महाराष्ट्र एकाच इलाख्यात होते. महसुलाचे कायदेही एकच होते. म्हणून या गोष्टी आपल्याही आहेत.

१९१७ साली खेडा जिल्ह्यात पावसाने पिके बुडाली. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा. शेतकरी म्हणाले, ‘आमचे पीक चार आण्यांच्या आत आहे.’ अंमलदार म्हणाले, ‘जास्त आहे.’ शेत एकच, पीक एकच, आणि आकडे दोन! शेतकऱ्यांनी मागणी केली, की दोन्ही बाजूंना मान्य असे पंच नेमा आणि आमच्या समोर पाहणी करा. सरकारने ती मानली नाही. तेव्हा गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि त्यांचे सोबती स्वतः गावोगाव फिरले आणि लोकांना विचारून पिकाचा अंदाज घेतला. मार्च १९१८ मध्ये नडियादला लोकांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. भांडी-गुरे जप्त झाली, पण लोक हटले नाहीत. जूनमध्ये, जे देऊ शकत नाहीत त्यांच्याकडून वसुली करायची नाही, असे ठरून लढा थांबला.

दहा वर्षांनी बारडोली तालुक्यात तेच दुखणे वर आले. सरकारने शेतसारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढवला. ही वाढ ज्या आकड्यांवर उभी होती, ते खंडाचे आकडे गावात जाऊन नीट पारखलेले नव्हते. १९२८ साली वल्लभभाईंच्या मागे सारा तालुका उभा राहिला. शेवटी सरकारला फेरचौकशी करावी लागली. ब्रूमफील्ड हे न्यायाधीश आणि मॅक्सवेल हे महसूल अधिकारी, या दोघांना नेमले. ते गावांत गेले. शेतकऱ्यांना समोर बसवून विचारले. शेतकऱ्यांच्या बाजूचे माणूसही हजर होते. निकाल काय लागला? वाढ हवी ती सुमारे सहा टक्के. बावीसचे सहा झाले! जमीन तीच होती. फरक पडला तो एवढ्यानेच, की या वेळी शेतकऱ्याला ठाऊक होते कोण येणार, कशासाठी येणार, आणि त्याला बोलायला मिळाले.

नाव लागले, जमीन राहिली

आणखी एक गोष्ट जवळची आहे. कसेल त्याची जमीन, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. १९४८ च्या मुंबई कुळकायद्यात पुढे सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. विदर्भात आणि मराठवाड्यात कायदे वेगळे होते, पण विचार तोच.

आता, कोण कसत होता हे कशावरून ठरवायचे? बैल काही साक्ष देत नाहीत. तेव्हा कागद बघितला गेला. पीक पाहणीत वहिवाटीच्या रकान्यात ज्याचे नाव, त्याचे पारडे जड. जिथे पाहणी बांधावर झाली आणि कूळ हजर होते, तिथे नाव लागले. जिथे पाहणी मालकाच्या ओसरीवर बसून झाली, तिथे नाव राहून गेले. ज्याने वर्षानुवर्षे नांगर धरला, त्याला पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. एका दिवसाच्या पाहणीचा परिणाम तीन पिढ्यांना भोगावा लागतो, तो असा.

नियम काय सांगतो?

म्हणूनच स्वतंत्र महाराष्ट्राच्या कायद्याने यात लक्ष घातले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्याखाली १९७१ साली अधिकार अभिलेखाचे नियम झाले. त्यांत पीक पाहणीची रीत सांगितली आहे. तलाठ्याने पीक शेतात उभे असताना, स्वतः शेतावर जाऊन पाहणी करायची. चावडीत बसून नाही. आणि जाण्याच्या आधी काही दिवस गावात दवंडी देऊन किंवा दुसऱ्या योग्य रीतीने तारीख जाहीर करायची. खातेदारांना आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना हजर राहायला सांगायचे. सरपंच आणि पंचायतीच्या सभासदांनाही कळवायचे. खातेदाराऐवजी दुसराच कोणी जमीन कसताना आढळला, तर तलाठ्याने परस्पर नाव चढवायचे नाही. त्याचा वेगळा नमुना भरून तहसीलदाराकडे पाठवायचा. मग तहसीलदार दोघांना बोलावून ऐकून घेतो.

बघा, दवंडी ही मेहेरबानी नाही. ती नियमात लिहिलेली आहे. आपल्याकडे दवंडी म्हणजे जत्रेची, लिलावाची असे वाटते. पण पीक पाहणीची दवंडी ही आपल्या हक्काची दवंडी आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करायची आणि शेतात उभे राहून फोटो काढायचा. म्हणजे पाहणी करणारे आपणच झालो. ही मोठी गोष्ट आहे. पण हक्काबरोबर जबाबदारीही आली. मुदतीत नोंद केली नाही तर रकाना कोरा राहतो. आणि आपण केलेल्या नोंदींपैकी काहींची पडताळणी सरकारी माणूस करतो. तेव्हा पाहणी संपली असे समजू नका. तलाठी होते त्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, तरी काम तेच आहे.

इथे एक अडचण आम्हांला नेहमी दिसते. हल्ली तारीख मोबाइलच्या गटावर टाकतात आणि कळवले असे समजतात. ज्याच्याकडे तसा फोन आहे, त्याला कळते. पण म्हातारीला कोण सांगणार? नवरा गेल्यावर जमीन जिच्या नावावर आली, तिच्या हातात फोन असतो का? फोन मुलाच्या खिशात, आणि मुलगा शहरात. बीडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यांच्या रब्बीची नोंद कोण करणार? म्हणून आमचे म्हणणे असे, की फोनवर कळवा, पण फळ्यावरही लिहा आणि दवंडीही द्या. तिन्ही वाटांनी बातमी गेली, तरच ती गावभर पोचते.

नोटीस हातात आली, पुढे काय?

मोजणीचे काम थोडे वेगळे असते. तिथे दवंडीवर भागत नाही. अर्ज करणाऱ्याला आणि लगतच्या शेतकऱ्यांना लेखी नोटीस मिळते. कारण एकाचा बांध म्हणजे दुसऱ्याचाही बांध. शेजारी हजर नसताना मोजणी झाली, तर भांडण मिटण्याऐवजी वाढते.

नोटीस घेऊन माणूस दारात आला की पुष्कळ जण घाबरतात. कोर्टाचे लचांड समजून दार लावून घेतात. काही जण म्हणतात, ‘आम्ही नोटीस घेतलीच नाही, म्हणजे मोजणी होणार नाही.’ तसे नसते. नोटीस दारावर चिकटवूनही बजावता येते. मोजणी व्हायची ती होतेच, फक्त आपण तिथे नसतो. यात नुकसान कोणाचे?

तेव्हा नोटीस घ्या आणि वाचा. आपण आता अक्षरे शिकलो आहोत, ती याचसाठी. चार गोष्टी बोटाने शोधून काढा. गाव कोणते? गट नंबर कोणता? तारीख आणि वेळ कोणती? कोणाच्या अर्जावरून आणि कोणत्या कामासाठी? मग सही करा, आणि सहीच्या वर लिहा, ‘नोटीस मिळाली’. खाली त्या दिवसाची तारीख घाला. ‘मिळाली’ आणि ‘मान्य आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंगठा उठवणाऱ्याला हा फरक करता येत नाही. लिहिणाऱ्याला येतो.

आधी कळवले तर लबाडी होणार नाही का?

आता दुसरी बाजू बघू. कोणी म्हणेल, ‘आधी सांगून कोणी तपासणी करते का? चोराला सांगून पहारा ठेवण्यासारखे झाले!’ हे म्हणणे अगदीच खोटे नाही. दुकानात बनावट बियाणे किंवा खते असतील, तर अधिकाऱ्याने न सांगताच जायला हवे. दुधात भेसळ होत असेल, तर आधी कळवून उपयोग नाही. सांगितले की घटकाभरात माल नाहीसा होतो.

पण शेताचे तसे आहे का? सारासार विचार करा. आठ दिवस आधी कळले, म्हणून कोणाला आठ दिवसांत ज्वारी कमरेएवढी वाढवता येईल काय? विहीर खोदता येईल काय? आमराई लावता येईल काय? शेत काही गाठोड्यात बांधून लपवता येत नाही. म्हणून आम्ही एक सोपी कसोटी मानतो. जी गोष्ट रातोरात लपवता किंवा बदलता येते, तिची तपासणी अचानक व्हावी. जी गोष्ट उघड्यावर महिनोन्‌महिने उभी असते, तिची पाहणी सांगून व्हावी. अचानक पाहणीने तिथे सरकारचा काही फायदा होत नाही. शेतकरी बोलायला हजर राहत नाही, तेवढे नुकसान मात्र होते.

उलट, गुपचूप पाहणीतच लबाडीला जास्त वाव असतो. कोणाला ठाऊक नाही, कोणी हजर नाही, तेव्हा साहेब शेतावर गेले की चावडीतच बसून राहिले, हे कोण सांगणार? दहा माणसे बांधावर उभी असली की लिहिणाऱ्याचा हातही सरळ चालतो. आगाऊ कळवल्याने प्रामाणिक अधिकाऱ्यालाही संरक्षण मिळते. उद्या कोणी त्याच्यावर आळ घेतला, तर तो म्हणू शकतो, ‘दवंडी दिली होती. सगळ्यांसमोर पाहणी केली.’

दिवस सांगायचा, जागा चिठ्ठीवर

सांगणे आणि न सांगणे या दोन्हींचा मेळ कसा घालावा, याचा एक सुंदर नमुना आहे. तो म्हणजे पीक कापणी प्रयोग. जिल्ह्यात किती धान्य पिकले हे काढायचे, तर सगळी शेते कापून मोजता येत नाहीत. म्हणून थोडी शेते निवडतात. त्या शेतात ठराविक मापाचा तुकडा आखतात, तेवढेच कापतात, मळतात, आणि दाणे तोलतात. त्यावरून हिशेब करतात.

ही पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव मोठे आहे. ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जन्म १९११ चा. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले आणि जगाच्या भुकेचा हिशेब मांडू लागले. या प्रयोगांची मेख अशी, की कोणते शेत घ्यायचे आणि शेतातला कोणता तुकडा घ्यायचा, हे माणसाच्या मर्जीवर ठेवत नाहीत. आकड्यांचा तक्ता असतो. भिशीत चिठ्ठी निघते, तसे त्यावरून आकडे काढतात. शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून तेवढी पावले चालायची. जिथे पाय थांबेल, तिथे तुकडा आखायचा. तिथे कणसे भरली असोत की पोचट असोत.

आता शेतकऱ्याला दिवस सांगावाच लागतो. नाहीतर तो आधीच पीक कापून मोकळा होईल. पण तुकडा कोणता, हे त्यालाही आधी ठाऊक नसते आणि अधिकाऱ्यालाही नसते. दोघांनाही फसवता येत नाही. पीक विम्याची भरपाई याच कापणीच्या आकड्यांवर ठरते. एका शेतातला तराजू सगळ्या मंडळातल्या शेतकऱ्यांसाठी तोलत असतो. म्हणून कापणीचा दिवस गावाला कळला पाहिजे, आणि गावाने तिथे जायला पाहिजे. ‘माझ्या शेतात थोडीच आहे, मी कशाला जाऊ?’ असे म्हणू नका.

पंचनाम्याची घाई

नुकसानीच्या पंचनाम्यात मात्र फार आधी कळवायला वेळ नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे नद्या पात्र सोडून वाहिल्या. पिके तर गेलीच, पण कित्येक ठिकाणी मातीही खरवडून गेली. अशा वेळी शेतकरी शेत आवरायच्या घाईत असतो. ते बरोबरच आहे, कारण पुढचा पेरा डोळ्यांसमोर असतो. पण पाहणीआधी शेत साफ केले, तर पाहणारा काय बघणार?

अशा वेळी निदान इतके तरी व्हावे. उद्या कोणत्या शिवारात पथक जाणार, हे आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगावे. तेवढ्यानेही काम होते. शेतकऱ्यानेही आपल्या बाजूने फोटो काढून ठेवावेत. फोटोत ओळखीची खूण यावी. विहीर, झाड, विजेचा खांब, काहीही चालेल. आणि पंचनामा झाल्यावर यादी पंचायतीच्या फळ्यावर लागावी. यादीत आपले नाव, गट आणि नुकसानीचा आकडा स्वतः वाचावा.

कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘सही करा, आकडा मागून भरतो’ असे कोणी म्हटले, तर हात जोडून सांगा, ‘साहेब, आकडा भरा, मग सही करतो.’ यात उद्धटपणा नाही. आकडा मान्य नसेल, तर खाली तसे लिहून सही करता येते.

आपले काम आपण करू

हक्क सांगितला, आता कर्तव्यही सांगतो. कळवूनही आपण गेलो नाही, तर दोष कोणाचा? बाजाराचा दिवस आहे, लग्न आहे, पाहुणे आले आहेत, अशी शंभर कारणे असतात. आपल्याला जमत नसेल, तर घरातले जाणते माणूस पाठवा. बाईमाणूस कशाला, असे म्हणू नका. खुरपणी, वेचणी, कापणी तीच करते. कोणत्या तुकड्यात काय पेरले, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असते?

बांधावर खरे तेच सांगा. विम्यासाठी नसलेले पीक दाखवू नका. शेजाऱ्याची हद्द दोन हात आपल्याकडे ओढू नका. खोटे एकाने सांगितले, तरी पुढच्या वेळी साहेब सगळ्या गावावर संशय घेतो. आणि कोणाच्या हातावर काही ठेवू नका. आज आपल्या बाजूने लिहायला पैसे घेणारा उद्या दुसऱ्याकडून घेऊन आपल्याविरुद्ध लिहील.

न कळवता पाहणी झाली तर?

तरीही कधी असे होईल, की कोणी कळवले नाही, कोणी आले नाही, आणि नोंद मात्र झाली. मग कपाळाला हात लावून बसू नका. पारावर शिव्या दिल्याने कागद बदलत नाही. कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागते.

आधी सातबारा काढून नोंद वाचा. चूक दिसली, तर तहसीलदारांना साधा अर्ज लिहा. गट नंबर, हंगाम, कागदावर काय लिहिले आहे, आणि खरे काय आहे, एवढे चार ओळींत मांडा. पाहणीची तारीख गावात जाहीर झाली नाही, हेही लिहा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, आणि दुसरीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हवेत गेला असे समजा.

दवंडी दिली होती का, पंचनाम्यात काय लिहिले, हे बघायचे असेल, तर माहितीचा अधिकार आहे. हा कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही शुल्क नाही. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि ग्रामसभेत उठून विचारा, ‘या हंगामाची पाहणी कोणत्या दिवशी आहे?’ पाहणी होऊन गेल्यावर भांडण्यापेक्षा पाहणीआधी विचारलेला हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे. एकट्याला भीती वाटत असेल, तर चौघांनी मिळून विचारा.

लक्षात ठेवा

१. पीक पाहणीची तारीख आधी जाहीर व्हावी, हा नियम आहे.
२. ई-पीक पाहणी मुदतीत करा. जमत नसेल तर जाणत्याची मदत घ्या, पण फोटो आपल्याच शेताचा काढा.
३. नोटीस नाकारू नका. वाचा, ‘मिळाली’ असे लिहा, तारीख घाला, सही करा.
४. पाहणीच्या दिवशी बांधावर हजर राहा. सातबारा, आधीच्या मोजणीचा नकाशा आणि फोटो जवळ ठेवा.
५. न वाचता सही नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच.
६. अर्ज दिला की पोच घ्या.
७. गावात जी बाई किंवा म्हातारा एकटा राहतो, त्याला तारीख आपण स्वतः जाऊन सांगा.

या सात गोष्टींतली शेवटची आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारने कळवायचे ते कळवावे, आणि नाही कळवले तर आपण जाब विचारू. पण आपल्याला तारीख ठाऊक असून शेजारणीला सांगितली नाही, तर त्याचा जाब कोण विचारणार? पुढच्या पाहणीची तारीख कळली, की उद्याच्या वर्गात ती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू. प्रत्येकाने ती वहीत उतरवून घ्यावी आणि घरी जाताना निदान दोन दारांत थांबून वाचून दाखवावी.